ई-प्रिस्क्रिप्शन सुरू केल्यावर रुग्ण औषधे नियमित घेऊ लागतात का?

डॉक्टर, आपला प्रश्न मी असा समजले आहे. मनीषनगरात आपले चिकित्सालय आहे, रुग्ण बहुतांशी मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे आहेत, आणि आजवर आपण चिठ्ठी हातानेच लिहीत आला आहात. सॉफ्टवेअर विकायला आलेल्या प्रतिनिधीने सांगितले की ई-प्रिस्क्रिप्शन सुरू केले की रुग्ण औषधे नियमित घेतात, आणि वर्षाचे शुल्क भरण्याआधी यात तथ्य किती आहे हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी फार्मसिस्ट आहे. गेली चोवीस वर्षे नागपुरात औषधांच्या दुकानाच्या काउंटरमागे उभी आहे, आणि त्यांपैकी शेवटची अकरा वर्षे एका मधुमेह चिकित्सालयात रुग्णांना औषधे समजावून सांगण्याचे कामही करते. त्यामुळे चिठ्ठी लिहिली जाते ती जागा आणि ती हातात घेऊन रुग्ण जिथे येतो ती जागा, या दोन्ही मी रोज पाहते.

प्रतिनिधीचे म्हणणे अर्धवट खरे आहे. चिठ्ठी संगणकातून निघाल्यामुळे औषध विकत घेतले जाण्यातले काही अडथळे खरोखर दूर होतात. घरी गेल्यावर ती गोळी रोज घेतली जाते की नाही, यावर मात्र तिचा आपोआप काही परिणाम होत नाही.

‘रुग्ण औषध घेत नाही’ असे आपण एका दमात म्हणतो, परंतु त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. काही रुग्ण नवे औषध मुळात विकतच घेत नाहीत. काही पहिल्या महिन्यात घेतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कमी करतात किंवा सोडतात. काही नियमाने घेतात, पण चुकीच्या वेळी, चुकीच्या मात्रेत किंवा एकच औषध दोन नावांनी घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मधील आपल्या अहवालात म्हटले होते की विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात. हा निम्म्याचा आकडा सर्वत्र सांगितला जातो, परंतु या तिन्ही प्रकारांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे असल्यामुळे एकच साधन तिन्हींवर सारखे काम करील अशी अपेक्षा धरणे योग्य नाही. ई-प्रिस्क्रिप्शनचा बोलबाला ज्या अभ्यासांमुळे झाला, ते प्रामुख्याने पहिल्या प्रकाराविषयी आहेत.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १,९५,९३० ई-प्रिस्क्रिप्शनांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७८ टक्के औषधे रुग्णांनी दुकानातून नेली, आणि केवळ नव्याने सुरू केलेली औषधे पाहिली तर हे प्रमाण ७२ टक्क्यांवर येत होते. मधुमेहाच्या नव्या औषधांपैकी ३१ टक्क्यांहून थोडी अधिक आणि रक्तदाबाच्या नव्या औषधांपैकी २८ टक्क्यांहून थोडी अधिक औषधे कोणी नेलीच नाहीत. या सर्व चिठ्ठ्या संगणकावरूनच पाठवलेल्या होत्या, तरीही चारांपैकी एकाहून अधिक नवी औषधे दुकानातच राहिली, ही गोष्ट प्रतिनिधीने आपल्याला बहुधा सांगितली नसेल. दुसऱ्या बाजूला, टेक्सासमधील डॅलस येथील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या त्वचारोग विभागातील अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात कागदी चिठ्ठीवरची ३१.५ टक्के औषधे नेली गेली नव्हती, तर ई-प्रिस्क्रिप्शनवरची १५.२ टक्के. हा फरक मोठा आहे. मात्र तो का पडला असावा याचा विचार केल्याशिवाय तो आकडा नागपुरात आणता येत नाही.

अमेरिकेत डॉक्टरांनी बटण दाबले की चिठ्ठी थेट रुग्णाच्या नेहमीच्या दुकानात पोहोचते. रुग्ण घरी जाण्याआधीच दुकानदार औषध बांधायला घेतो, चिठ्ठी हरवण्याचा प्रश्न उरत नाही, आणि औषध नेले नाही तर ते संगणकावर दिसते. एस्टोनियात २०१० पासून चिठ्ठी देशाच्या मध्यवर्ती प्रणालीत राहते आणि रुग्ण कोणत्याही दुकानात ओळखपत्र दाखवून औषध घेतो. आपल्याकडे ‘ई-प्रिस्क्रिप्शन’ म्हणजे बहुतेक ठिकाणी संगणकावरून काढलेला कागद किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी अशी चिठ्ठी रुग्णाला संदेशाद्वारे पाठवण्यास मान्यता दिली. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि प्रत्येकाच्या आरोग्य नोंदी जोडण्यासाठीचा चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक आला. तरीसुद्धा नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतील एखाद्या दवाखान्यातून निघालेला रुग्ण आजही कागद हातात धरूनच दुकान शोधतो. ज्या एका दुव्यामुळे तिकडे फरक पडला असण्याची शक्यता सर्वाधिक आहे, तो थेट दुकानाशी असलेला दुवाच आपण विकत घेणार असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा नाही. असेल, तर माझे पुढचे काही म्हणणे सौम्य समजावे.

छापील चिठ्ठीचा म्हणून जो फायदा आहे तो वाचता येण्याचा आहे, आणि तो मी अजिबात कमी लेखत नाही. काउंटरवर रात्री नऊ वाजता अक्षर न लागणारी चिठ्ठी येते तेव्हा मी डॉक्टरांना फोन करते, फोन उचलला जात नाही, आणि मला रुग्णाला ‘उद्या या’ म्हणावे लागते. उमरेडहून किंवा काटोलहून आलेला माणूस उद्या येत नाही. अंदाजाने औषध देणे हा तर त्याहून वाईट मार्ग आहे, कारण सारख्या दिसणाऱ्या नावांच्या औषधांत मधुमेहाचे औषध कोणते आणि भलतेच कोणते, हे एका अक्षरावर ठरते. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये औषधांची जेनेरिक नावे, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी घटकाची नावे, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीतील अक्षरांत लिहावीत असे नियमातच घातले, ते यासाठीच.

जेनेरिक नावाचा मुद्दा मी मुद्दाम स्वतंत्र सांगते, कारण तो सुवाच्यतेहून मोठा आहे. चिठ्ठीवर एखाद्या कंपनीचे नाव असेल आणि ते औषध दुकानात नसेल, तर औषध नियमांनुसार अनुसूची एच मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, औषधाच्या जागी दुसरे औषध मी माझ्या मनाने देऊ शकत नाही, मग त्यात घटक तोच का असेना. रुग्ण ‘बघतो दुसरीकडे’ म्हणून जातो, आणि दुसरीकडे जातोच असे नाही. चिठ्ठीवर घटकाचे नाव असले की माझ्याकडे असलेल्या कंपनीचे औषध मी देऊ शकते आणि रुग्णाला जनऔषधी केंद्राचा रस्ताही मोकळा राहतो, जिथे तीच गोळी बहुधा निम्म्याहून कमी किमतीत मिळते. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय एका खुणेवर असते. आपण ती सुरू ठेवली तर त्या शुल्काचा बराचसा मोबदला तिथेच मिळेल असे मला वाटते.

आता पैशाचा विषय निघालाच आहे तर जी गोष्ट दवाखान्यात दिसत नाही आणि काउंटरवर रोज दिसते, ती सांगते. नागपुरातल्या महाल भागात राहणारे एक निवृत्त गृहस्थ दोन वर्षे आमच्याकडे येत होते. चिठ्ठी छापील, स्वच्छ, तीस दिवसांची. ते दर वेळी म्हणायचे, ‘ताई, सध्या पाच दिवसांच्या द्या.’ मी स्ट्रिप कापून द्यायचे. पाच दिवसांनी ते कधी यायचे, कधी दहा दिवसांनी यायचे, पेन्शन जमा झाल्यावर मात्र नक्की यायचे. त्यांच्या डॉक्टरांच्या संगणकावर मात्र सलग तीस गोळ्या दिल्याची नोंद होती. रक्तदाब उतरत नाही हे पाहून डॉक्टरांनी दुसरे औषध वाढवले, मग तिसरे. खर्च वाढला तसे ते पाच दिवसांवरून तीन दिवसांवर आले. डॉक्टरांची काहीच चूक नव्हती. त्यांच्यासमोरची नोंद पूर्ण आणि सुबक दिसत होती, आणि ती नोंद फक्त लिहिलेल्या औषधांची होती, घेतलेल्या औषधांची नव्हती. हाताने लिहिणारे डॉक्टर निदान विचारतात तरी, ‘मागची चिठ्ठी दाखवा’, आणि त्या चिठ्ठीच्या मागे आम्ही केलेली ‘५ दिल्या’ ही खूण त्यांना दिसते. पडद्यावर इतिहास आयता दिसू लागला की जुना कागद उलटून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही.

त्या गृहस्थांचा प्रश्न शेवटी सुटला तो डॉक्टरांना मी हे सांगितल्यावर. त्यांनी तीन गोळ्यांच्या जागी दोन घटकांची एकच गोळी जेनेरिक नावाने लिहिली. गोळ्यांची संख्या कमी केल्याने फरक पडतो याला चांगला पुरावा आहे. भारत आणि युरोपातील सुमारे २,००० हृदयरोगी आणि हृदयरोगाचा धोका असलेल्या रुग्णांवरच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अनेक औषधे एकाच गोळीत दिलेल्या गटात सुमारे ८६ टक्के रुग्ण औषधे नियमित घेत होते, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात सुमारे ६५ टक्के. संगणकावर सर्व औषधांची यादी एकत्र दिसते, तेव्हा ‘यातले काय एकत्र करता येईल’ हा प्रश्न स्वतःला विचारणे सोपे होते. हा फायदा विकणारे सांगत नाहीत, पण वापरणाऱ्याने तो घ्यावा.

वाचता येणे आणि समजणे यांतही अंतर आहे. औषधाचे नाव मला वाचायचे असते, पण सूचना रुग्णाला वाचायची असते. बहुतेक छापील चिठ्ठ्यांवर ‘बीडी’ (दिवसातून दोनदा), ‘एचएस’ (झोपताना), ‘एसी’ (जेवणाआधी) अशी रोमन अक्षरे किंवा ‘१-०-१’ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) असते, आणि नऊ औषधे एका पानावर बसवण्यासाठी अक्षर बारीक केलेले असते. नागपुरात येणारे रुग्ण केवळ मराठी वाचणारे नाहीत. छिंदवाडा, बालाघाट, बैतूलहून येणारे हिंदी वाचतात, आणि गडचिरोलीच्या आतील भागातून येणाऱ्या वृद्धांपैकी कित्येकांना कोणतीच लिपी येत नाही, त्यांच्यासाठी सूर्य आणि चंद्राचे चित्र लागते. हाताने लिहिताना डॉक्टर तोंडाने बोलत असतात, एखाद्या ओळीखाली दोनदा रेघ ओढतात, आणि रुग्ण घरी जाऊन ती रेघ पाहतो. कळफलकावर काम करताना नजर पडद्यावर जाते आणि ते बोलणे गळते. म्हणून मी ज्या डॉक्टरांबरोबर काम करते त्यांना एकच विनंती केली होती: कागद छापून आल्यावर पेन हातात घ्या आणि नव्या औषधाभोवती रुग्णासमोर गोल करा. त्या गोलामुळे रुग्ण काउंटरवर येऊन ‘हे नवीन आहे ना?’ असे विचारू लागले, आणि रुग्णाने प्रश्न विचारला की माझे निम्मे काम होते.

सूचनेबाबत एक धोका इतका गंभीर आहे की तो बाजूला ठेवता येत नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक गोळ्यांसाठी ‘दररोज’ हाच पर्याय आधीपासून भरलेला असतो, आणि घाईत तो तसाच राहिला तर अत्यंत नियमाने औषध घेणाऱ्या रुग्णाच्या जिवावर बेतते. तिथे ‘आठवड्यातून एकदा’ एवढे पुरत नाही, ‘फक्त सोमवारी’ असा वार छापला गेला पाहिजे.

याच्याशी जोडलेली दुसरी अडचण म्हणजे बंद केलेली औषधे. ‘मागील चिठ्ठी पुन्हा’ हे बटण वेळ वाचवते, आणि त्याबरोबर मागच्या वेळी तोंडी बंद केलेले औषधही पुन्हा छापते. उलट, नव्या कागदावरून एखादे औषध गळले तर ते बंद झाले की छापायचे राहिले, हे रुग्णाला कळत नाही. वाडीच्या एका बाई आमच्याकडे आल्या त्या चक्कर येते म्हणून. त्यांच्या पिशवीत दोन कंपन्यांचे टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचे औषध निघाले. एक जुन्या चिठ्ठीवरचे, एक नव्या, आणि दोन्ही त्या प्रामाणिकपणे रोज घेत होत्या. चक्कर येऊ लागल्यावर त्यांनी घाबरून सगळीच औषधे सोडली, मधुमेहाचीसुद्धा. ‘ही औषधे आता बंद’ असा स्वतंत्र चौकोन चिठ्ठीच्या खाली छापता येतो का, हे आपण प्रतिनिधीला अवश्य विचारावे.

इथवरचे म्हणणे एकत्र करायचे तर, छापील चिठ्ठीने नाव वाचण्याची आणि औषध मिळण्याची अडचण कमी होते, खर्चाची अडचण जेनेरिक नाव लिहिले तरच कमी होते, आणि चुकीच्या पद्धतीने घेण्याची अडचण सूचना कशा छापल्या आहेत त्यानुसार कमी किंवा जास्त होते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात औषध सोडण्याचा जो सर्वात मोठा प्रश्न आपल्या रुग्णांत असणार, त्याला मी अजून हात घातलेला नाही.

त्यासाठी संगणकाचा एक उपयोग आहे, आणि माझ्या मते तोच खरा आहे: कोण आले नाही, हे तो सांगू शकतो. वहीत आलेल्यांचीच नावे असतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला घेतलेल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचे भंडारा आणि वर्धा होते. त्या उपक्रमात रक्तदाबाची नोंद ठेवण्यासाठी वापरलेल्या साध्या मोबाइल ॲपमध्ये तारीख उलटून गेलेल्या रुग्णांची यादी आपोआप तयार होते आणि आरोग्य केंद्रातील कर्मचारी त्या यादीवरून फोन करतात. औषधे मोफत, उपचाराचा क्रम ठरलेला, एका वेळी महिन्याचा साठा आणि न आलेल्याला फोन, अशी ती एकत्र बांधलेली व्यवस्था आहे. तिच्यातला संगणक एकटा उचलून दवाखान्यात ठेवला तर यादी तयार होईल, पण फोन होणार नाही.

आमच्या चिकित्सालयात मी आठवड्यातून दोन दुपारी ही यादी घेऊन बसते. फोनवर ‘औषधे घेता ना?’ असे मी कधीच विचारत नाही, कारण त्याचे उत्तर सर्वजण ‘हो’ असेच देतात. ‘आज स्ट्रिपमध्ये किती गोळ्या उरल्या आहेत, जरा पाहून सांगता का?’ असे विचारते. मग खरे कारण बाहेर येते. शुगर नॉर्मल आली म्हणून बंद केली. नवरात्राचे उपास होते. कापूस वेचायला जात होते, दवाखान्यात आले असते तर दिवसाची मजुरी बुडाली असती. लघवी वाढवणारी गोळी एसटीच्या प्रवासात त्रास देते म्हणून सोडली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला तेव्हा घरात फ्रिज नव्हता, इन्सुलिन खराब झाले असेल असे वाटून टोचणेच थांबवले. यांतले एकही कारण चिठ्ठीच्या स्वरूपाशी संबंधित नाही, आणि जवळजवळ प्रत्येकावर डॉक्टर काही ना काही करू शकतात: गोळीची वेळ बदलणे, दोन महिन्यांची चिठ्ठी देणे, वापरात असलेले इन्सुलिन मातीच्या मडक्यात कसे ठेवायचे ते दाखवणे. आपोआप जाणारे इंग्रजी संदेश मी सुरुवातीला वापरून पाहिले होते. रुग्ण ते उघडतच नाहीत, बँकेच्या संदेशांबरोबर तेही पडून राहतात.

आपण शुल्क भरावे की नाही, हे काही अंशी आपल्या परिस्थितीवर आहे. आपले अक्षर चांगले असेल, रुग्ण जवळपासच्या एक-दोन दुकानांतूनच औषधे घेत असतील आणि त्या दुकानदारांशी आपले बोलणे असेल, तर केवळ छपाईसाठी खर्च करण्याची मला घाई दिसत नाही. रुग्ण लांबून येत असतील आणि चिठ्ठी दहा गावांतल्या दुकानांत जात असेल, तर घ्यावे. घेण्याआधी मराठी आणि हिंदी सूचना मोठ्या अक्षरात छापून येतात का, न आलेल्यांची यादी एका क्लिकवर निघते का, आणि उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचे ठरले तर रुग्णांच्या नोंदी आपल्याला परत मिळतात का, हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे. व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवणार असाल तर रुग्णाची संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर याकडे दुर्लक्ष करणे बरे नाही.

आणि नोंदणी करताना मोबाइल क्रमांक कोणाचा आहे, हे लिहून ठेवायला आपल्या स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यांना सांगावे. आमच्या यादीत बराच काळ अर्ध्याहून अधिक क्रमांक पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरी करणाऱ्या मुलांचे होते. मी फोन करायचे, मुलगा आदराने म्हणायचा की आई औषधे घेते, आणि आईच्या डब्यात किती गोळ्या उरल्या आहेत हे त्यालाही माहीत नसायचे. आता आम्ही घरात रुग्णाजवळ राहणाऱ्या व्यक्तीचा, बहुधा सुनेचा किंवा शेजारणीचा, क्रमांक रुग्णाला विचारून वेगळ्या रकान्यात घेतो, आणि फोन आधी तिथे जातो.